मोठे टायर घालण्याआधी गाडी कुठे अडते ते पाहा

ईदच्या सुट्टीत भाचा शारजाहून आला. सलाम-दुवा झाली, चहा झाला आणि त्याने आपला मोबाइल माझ्या हातात दिला. पडद्यावर एक थार होती. टायर इतके मोठे की चाकाच्या वरच्या कमानीत बोट शिरायलाही जागा दिसत नव्हती.

"मामू, आपल्या गाडीला असे टायर घालायचे आहेत. सोबत दोन इंचांची लिफ्ट. पावसाळ्याच्या आत झालं पाहिजे आणि माझी सुट्टी वीस दिवसांचीच आहे. तुम्ही फक्त चांगलं दुकान सांगा."

नुसती हौस असती तर मी हसून विषय सोडून दिला असता. पण या मागणीच्या मागे एक रात्र होती आणि ती आमच्या घरात कुणीच विसरलेलं नाही.

गेल्या जुलैत रात्री साडेअकराला दुलाभाईंच्या छातीत दुखायला लागलं. बाहेर धो धो पाऊस. धाकट्या भाच्याने अंगणातून थार काढली. आपांचं घर खेड तालुक्यात, डांबरी रस्त्यापासून चारेकशे मीटर आत आणि खाली. मधली वाट लाल मातीची, चढाची, एका बाजूला गडगा. अर्ध्या चढावर गाडीची मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. गाडी घसरत मागे आली आणि गडग्याला टेकली. शेजारपाजारचे लोक गोणपाटं, चिरे, फळ्या घेऊन धावले. चाळीस मिनिटं गेली. अल्लाहचा शुक्र, दुलाभाई वेळेत दवाखान्यात पोहोचले आणि आज बरे आहेत. पण ती चाळीस मिनिटं थोरला भाचा शारजाच्या खोलीत फोन कानाला लावून उभा होता. आईचं रडणं, धाकट्या भावाचं ओरडणं, चाकांचा आवाज, सगळं त्याने ऐकलं. त्याच रात्री त्याने ठरवलं, की या गाडीला मोठे टायर घालायचे.

या सदराचे जुने वाचक जाणतात, तीस वर्षं मी गॅरेज चालवलं. असा निश्चय करून आलेला माणूस मी पुष्कळदा पाहिला आहे. त्याचं दुःख खरं असतं, फक्त त्यावरचं औषध त्याने दुसऱ्याच्या गाडीवर पाहून ठरवलेलं असतं. म्हणून मी भाच्याला दुकानाचं नाव सांगितलं नाही. म्हटलं, "उद्या सकाळी गाडी त्या चढावर घेऊन ये. आधी ती का अडली ते बघू."

अडण्याचे तीन प्रकार

गाडी कच्च्या वाटेवर अडते, ती साधारण तीन कारणांनी. पहिलं, पोट टेकतं. मधला उंचवटा किंवा दगड गाडीच्या तळाला लागतो आणि गाडी त्यावर बसते. दुसरं, चाक घसरतं. जमीन पक्की असते, पण वर चिखलाचा थर असतो आणि टायरची पकड सुटते. तिसरं, चाक रुततं. वाळूत किंवा भाताच्या खाचरात खाली पक्की जमीनच नसते आणि चाक आत जात राहतं.

ही तीन दुखणी वेगळी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. पोट टेकत असेल तरच टायरची उंची कामाची. घसरत असेल तर टायरची नक्षी, त्यातली हवा आणि गाडीचा लो गिअर बघायचा. रुतत असेल तर हवा कमी करून टायर जमिनीवर पसरवायचा. तिन्हींवर एकच औषध म्हणून मोठा टायर घालणं म्हणजे ताप, खोकला आणि पोटदुखी सगळ्याला एकच गोळी देण्यासारखं आहे.

सकाळी आम्ही तिघं, दोन्ही भाचे आणि मी, वाटेवर उतरलो. मी गाडीखाली वाकून तळ पाहिला. कुठे ओरखडा नाही, दगड लागल्याची खूण नाही. कंपनीच्या आकड्यांनुसार थारचा तळ जमिनीपासून २२६ मिलिमीटर वर असतो. आपांच्या वाटेवरचा सगळ्यात मोठा उंचवटा वितीपेक्षाही कमी भरला. म्हणजे पोट टेकलं नव्हतं. पहारीने माती उकरली, तर चार बोटांच्या चिखलाखाली जांभ्याचा कातळ लागला. म्हणजे चाक रुतलंही नव्हतं. ते घसरलं होतं.

मग टायर पाहिले. गाडी चार वर्षांची, टायर पहिलेच. मधली नक्षी जेमतेम अडीच मिलिमीटर राहिलेली. कायद्याने मोटारीच्या टायरला किमान १.६ मिलिमीटर नक्षी लागते, त्यामुळे कुणी दंड केला नसता. पण १.६ ही अगदी शेवटची मर्यादा आहे, चिखलात चढ चढण्याचा भरवसा नाही. नक्षीच्या खाचा उथळ झाल्या की त्यात चिखल भरतो, तो बाहेर फेकला जात नाही आणि टायर गुळगुळीत होतो.

नंतर हवा मोजली. चारही टायरमध्ये ४४ पीएसआय! ड्रायव्हरच्या दाराशी कंपनीची चिठ्ठी चिकटवलेली असते, त्यावर कितीची हवा भरायची ते लिहिलेलं असतं. आमच्या गाडीत त्याहून कितीतरी जास्त होती. धाकटा म्हणाला, "मामू, जास्त हवा असली की ॲव्हरेज चांगलं मिळतं म्हणतात." फुगून टणक झालेला टायर जमिनीला मधल्या पट्ट्यावरच टेकतो. कोरड्या डांबरावर ते कळत नाही. चिखलाच्या चढावर कळतं.

शेवटी मी विचारलं, "त्या रात्री फोर बाय फोरचा दांडा कुठे होता?"

धाकट्याने मान खाली घातली. दांडा होता तिथेच होता, टू एचवर. चार वर्षांत घरात तो कुणी हलवलाच नव्हता. इतक्या पैशांची चारही चाकं चालणारी गाडी त्या रात्री मागच्या दोन चाकांवर झिजलेले, टणक टायर फिरवत होती.

थोरला गप्प झाला. धाकट्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्याला म्हटलं, "तुझी चूक नाही. गाडी घेतली तेव्हा तुला कुणी शिकवलं नाही, आणि गॅरेजवाला मामू जवळ असून त्यानेही विचारलं नाही. त्यात माझाही वाटा आहे."

वाळवंट आणि कोकण

थोरला लगेच मानणाऱ्यांतला नाही. तो म्हणाला, "पण मामू, आमच्याकडे शुक्रवारी लोक वाळवंटात जातात. सगळ्यांच्या गाड्यांना रुंद, मोठे टायर असतात. ते काय वेडे आहेत?"

वेडे मुळीच नाहीत. वाळूत खाली कातळ नसतो. तिथे गाडीने तरंगायचं असतं. त्यासाठी टायर रुंद हवा आणि हवा कमी हवी. तिकडचे जाणकार वाळूत शिरण्याआधी टायरची हवा १५ पीएसआयच्या आसपास उतरवतात, हे भाच्याने स्वतः पाहिलेलं आहे. हवा कमी केली की टायर लांबट पसरतो, वजन जास्त जागेवर वाटलं जातं आणि गाडी वर राहते. टायर मोठा असला तरी हवा पूर्ण ठेवली तर तोही वाळूत खणतच जातो.

आपली लाल वाट वेगळी आहे. वर निसरडा थर, खाली पक्का जांभा. इथे तरंगून उपयोग नाही. इथे टायरने वरचा चिखल कापून खालच्या कातळाला पकडायला हवं. त्यासाठी टायर फार रुंद नसलेलाच बरा, नक्षी खोल हवी आणि हवा थोडी कमी. बैलगाडीची अरुंद चाकं चिखल चिरून खाली कशी टेकायची, ते आपल्या वाडवडिलांनी पाहिलेलं आहे.

माझी स्वतःची चूक

हे मी पुस्तकं वाचून सांगत नाही. माझं लग्न नवीन होतं तेव्हाची गोष्ट आहे. माझ्याकडे एक जुनी जीप होती. मीही तिला ऐटीत मोठे टायर घातले होते. अंगणात उभी करून दोन्ही बाजूंना स्टिअरिंग फिरवून पाहिलं, कुठे लागलं नाही. मी खूश.

आठ दिवसांनी बायको, तान्हा मुलगा, सासू-सासरे आणि सामान घेऊन कशेडी घाटातून निघालो. बोगदा तेव्हा झाला नव्हता, सगळी वाहतूक वळणांवरून. उताराच्या एका आवळ वळणावर मी स्टिअरिंग पूर्ण वळवलं, त्याच वेळी पुढचं चाक खड्ड्यात गेलं. गाडी भरलेली, स्प्रिंग दबलेली. टायर वर उचलला गेला आणि मडगार्डच्या पत्र्यात अडकला. स्टिअरिंग जागच्या जागी थांबलं. गाडी वळायची ती सरळ जाऊ लागली. ब्रेक दाबला तर गाडी माझ्या अंदाजापेक्षा पुढे जाऊन थांबली. समोर कठडा नव्हता, दोन दगड होते. खाली उतरून पाहिलं, तर पत्र्याने टायरची बाजू बोटभर चिरली होती.

बायको त्या दिवशी मला काही बोलली नाही. मुलाला छातीशी धरून रस्त्याच्या कडेला बसून राहिली. दुसऱ्या दिवशी मी जुने टायर परत चढवले.

त्या प्रसंगातून दोन गोष्टी शिकलो. अंगणात रिकाम्या गाडीवर केलेली तपासणी ही तपासणी नव्हे. आणि टायर बदलला की फक्त टायर बदलत नाही. ब्रेक, स्टिअरिंग, स्प्रिंग, मीटर, सगळ्यांचं गणित बदलतं.

आकडे कसे वाचायचे

ते गणित प्रत्येक घराला करता आलं पाहिजे, म्हणून सोप्या भाषेत सांगतो. वही-पेन घ्या, घरातल्या शाळकरी मुलालाही बसवा.

आमची गाडी २०२० नंतरच्या नव्या थारपैकी साध्या प्रकारातली, लोखंडी रिमची. तिच्या टायरवर २४५/७५ आर १६ असं लिहिलेलं आहे. २४५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के, म्हणजे सुमारे १८४ मिलिमीटर. १६ म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. एक इंच २५.४ मिलिमीटर, म्हणून रिम ४०६ मिलिमीटरची. वरची बाजू, खालची बाजू आणि रिम मिळून पूर्ण टायर ७७४ मिलिमीटर उंच. याच गाडीच्या वरच्या प्रकारात २५५/६५ आर १८ टायर येतो. त्याची उंची ७८९ भरते. म्हणजे फरक १५ मिलिमीटरचा.

आता भाच्याच्या मनातला टायर, २८५/७५ आर १६. हिशेब केला तर उंची ८३४ मिलिमीटर. मूळ टायरपेक्षा ६० मिलिमीटर जास्त. ऐकायला पुष्कळ वाटतं. पण टायर वरही वाढतो आणि खालीही, म्हणून गाडीचा तळ त्याच्या निम्माच, ३० मिलिमीटर वर जातो. दोन बोटांपेक्षाही कमी. आणि ज्या वाटेवर पोट टेकतच नाही, तिथे ती दोन बोटंही वायाच.

त्या दोन बोटांची किंमत बघा.

टायर सुमारे पावणेआठ टक्क्यांनी मोठा झाला. मीटरला ते कळत नाही. काटा ८० दाखवेल तेव्हा टायरच्या हिशेबाने गाडी ८६ च्या वेगाने धावत असेल. बहुतेक गाड्यांचा काटा मुळात थोडा जास्त दाखवतो, ती सुरक्षेची जागा इथे खाल्ली जाते. गाडी १०,००० किलोमीटर चालेल तेव्हा मीटरवर सुमारे ९,२८० दिसतील, म्हणजे सर्व्हिसिंग प्रत्येक वेळी उशिरा.

चाक मोठं आणि जड झालं की इंजिनाला ते फिरवायला जास्त जोर लागतो. जणू प्रत्येक गिअर थोडा वरचा झाला. घाटात भरलेली गाडी पहिल्यापेक्षा सुस्त वाटते, डिझेल जास्त जातं. ब्रेकचंही तेच. ब्रेक जुनेच, पण थांबवायचं चाक मोठं आणि जड. कशेडीत माझी गाडी पुढे गेली ती त्यामुळेच.

रिमचाही प्रश्न येतो. टायर कंपन्यांच्या तक्त्यांत प्रत्येक टायरसाठी रिमची किमान रुंदी दिलेली असते. २६५/७५ आर १६ ला साधारण सात इंच रुंद रिम लागते, २८५ ला साडेसात. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला तर तो मधेच फुगतो आणि वळणावर डुलतो. रिमची रुंदी रिमवरच कोरलेली असते, दुकानात ती आधी वाचायला सांगा. काही जण चाक बाहेर काढण्यासाठी रिमच्या मागे चकत्या घालतात. त्याने चाकाच्या बेअरिंगवर आणि नटबोल्टवर ताण वाढतो. कुटुंबाच्या गाडीत तो खेळ नको.

स्टेपनी तर बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. थारची स्टेपनी मागच्या दरवाजावर लटकते. टायर जड झाला की बिजागऱ्यांवर भार येतो आणि दरवाजा खडखडू लागतो. बरं, चार टायर मोठे आणि स्टेपनी लहान, असंही चालत नाही. फोर बाय फोर लावलेलं असताना चारही चाकं एका मापाची नसतील तर गिअरच्या पेटीवर विनाकारण ताण येतो. म्हणून असल्या गाडीत हिशेब चार टायरचा नसतो, पाच टायरचा असतो.

कायदा आणि विमा

भाचा म्हणाला, "रस्त्यावर इतक्या गाड्या फिरतात, कोण अडवतं?" कुणी अडवत नाही म्हणून गोष्ट बरोबर होत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं, की आरसीतली माहिती कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळी ठरेल असा बदल मालकाने गाडीत करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.

लिफ्ट किट, चाकं गाडीच्या अंगाबाहेर येतील असे टायर, ही सगळी वादाची जागा. त्याहून मोठी काळजी विम्याची. अपघात झाला आणि गाडीत न कळवलेले बदल निघाले, तर विमा कंपनी दाव्यावर बोट ठेवू शकते. म्हणून मूळ मापापेक्षा वेगळा टायर घालायचाच असेल, तर आधी विमा कंपनीला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. गाडीच्या पुस्तकात दिलेलं माप सगळ्यात निर्धोक.

मग मोठा टायर कधीच घालू नये?

असं मी म्हणत नाही. ज्याची वाट खरोखर दगडांची आहे, ज्याच्या गाडीचा तळ वारंवार लागतो, त्याला थोडा उंच टायर कामाचा आहे. पण त्याने एकच पायरी चढावी. आमच्या गाडीला ती पायरी २६५/७५ आर १६ ची. उंची ८०४, म्हणजे ३० मिलिमीटर वाढ, तळाला १५ मिलिमीटर फायदा, मीटरमध्ये जवळपास चार टक्के फरक. त्यापुढे गेलं की लिफ्ट लागते, लिफ्टमागे दुसरी कामं लागतात आणि खर्चाला शेवट राहत नाही. लिफ्टने गाडीचं वजनही वर जातं, वळणावर ती जास्त कलते. शिवाय आपांसारख्या गुडघेदुखीच्या माणसाला चढायला आणखी एक पायरी वाढते, हेही घरात कुणीतरी विचारात घ्यायला हवं.

घालायचाच असेल तर पाचही टायर घेण्याआधी पुढची दोन चाकं चढवून बघा. गाडीत घरातली माणसं आणि सामान भरा. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवा. मग एक पुढचं चाक उंचवट्यावर चढवून स्प्रिंग दबलेली असताना पुन्हा तसंच फिरवा. पुढे घेताना बघा, मागे घेताना बघा. टायर कुठे पत्र्याला, प्लास्टिकला किंवा ब्रेकच्या नळीला लागतो का ते दुसऱ्या माणसाने खाली वाकून पाहायचं. मी कशेडीला निघण्याआधी हे केलं नव्हतं.

टायर घेताना आणखी तीन गोष्टी वाचा. मापापुढे भार सांगणारा आकडा असतो. १०५ म्हणजे एका टायरला ९२५ किलो, १०९ म्हणजे १,०३० किलो. तो मूळ टायरपेक्षा कमी नको. त्याच्या शेजारी वेगाचं अक्षर असतं. क्यू म्हणजे ताशी १६०, एस म्हणजे १८०. तेही मूळ टायरपेक्षा खालचं नको. आणि टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख शोधा. २३२४ असेल तर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. रबर न वापरताही कडक होत जातं, म्हणून दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेला टायर स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

नक्षीचे तीन प्रकार सांगतात, एचटी, एटी आणि एमटी. एचटी डांबरासाठी, एमटी चिखलासाठी, एटी दोन्हीकडे चालणारा. चिखलाचा एमटी दिसायला दणकट, पण ओल्या डांबरावर त्याची पकड कमी पडते, गाडी थांबायला जास्त जागा घेते आणि आवाजही करतो. आपांच्या गाडीचा विचार केला तर चारशे मीटर चिखल आणि पुढे दवाखान्यापर्यंत सगळं ओलं डांबर. तिथे एटीच बरा.

आम्ही काय केलं

दोन दिवस घरात चर्चा झाली. शेवटी आपा म्हणाल्या, "गाडी शोभेला नाही घेतली. तुझ्या अब्बांना रात्री नेता आलं पाहिजे, एवढंच बघा." त्यावर कुणी काही बोललं नाही.

आम्ही मूळ मापाचेच, २४५/७५ आर १६, एटी नक्षीचे पाच नवे टायर घेतले. अलाइनमेंट, बॅलन्सिंग करून घेतलं. लिफ्टचे जे पैसे वाचले त्यातून एक हवेचा छोटा पंप, हवा मोजायचं मीटर आणि ओढायचा पट्टा आला. उरलेल्या पैशांत चढाच्या वरच्या बाजूला चर खणून पाणी वाटेवर न येता गडग्याच्या पलीकडे वहाळाकडे वळवलं आणि सगळ्यात वाईट वीस पावलांवर जांभ्याचे तुकडे पसरून ठोकले. टायर कितीही चांगला असला तरी वाटेवरून वाहणारं पाणी थांबवल्याशिवाय काम पुरं होत नाही.

मग शिकवणी झाली. ओल्या चढाला लागण्याआधीच गाडी पूर्ण थांबवायची, क्लच दाबून गिअर न्यूट्रलला आणायचा आणि दांडा फोर एलवर घ्यायचा. ॲक्सिलरेटर हळू, एकसारखा. चाक फिरायला लागलं तर जोर वाढवायचा नाही, पाय सोडायचा. डांबर लागलं की थांबून परत टू एच, कारण या पद्धतीच्या गाडीत कोरड्या डांबरावर फोर बाय फोर चालवायचं नसतं. फार चिखल असेल तर हवा पंचविसाच्या आसपास उतरवायची, हळू चालवायचं आणि डांबरावर वेग घेण्याआधी पंपाने परत भरायची. रात्री दवाखान्याची घाई असेल तर हवेच्या भानगडीत वेळ घालवू नका. चिठ्ठीप्रमाणे बरोबर हवा, चांगली नक्षी आणि फोर एल, एवढ्यावर आमची चढण निघते.

आणि एक इशारा मुलांना मी दोनदा दिला. थार ६५० मिलिमीटर पाण्यातून जाते असं कंपनी सांगते, ते थांबलेल्या पाण्याचं. वाहाळाच्या वाहत्या पाण्यात दोन फुटांनाही मोठी गाडी उचलली जाते. त्याला टायर मोठा असून उपयोग नाही. २०२१ च्या जुलैत चिपळूणने पाण्याची ताकद पाहिली आहे. वहाळ भरला असेल तर थांबायचं.

थोरल्याच्या परतीच्या आदल्या दिवशी आम्ही विहिरीचा पंप लावून चढावर तासभर पाणी सोडलं. चांगला राड झाला. आधी धाकटा चढला. मग त्याची बायको, जिने लायसन्स काढून दोन वर्षं झाली तरी ही गाडी कधी हातात घेतली नव्हती. तिने खाली गाडी थांबवली, दांडा फोर एलवर घेतला आणि न थांबता वरपर्यंत गेली. दुलाभाई पडवीत खुर्ची टाकून बघत होते. ते हसून म्हणाले, "आता मला कुणाला उठवायची काळजी नाही. घरात दोन ड्रायव्हर आहेत."

थोरला शारजाला गेला. जाताना त्याने मोबाइलमधला तो मोठ्या टायरचा फोटो मला पुन्हा दाखवला आणि म्हणाला, "मामू, गाडी दिसते मात्र झकास." मीही म्हटलं, "दिसते रे, खरंच दिसते."

वाचकहो, पावसाळा तोंडावर आहे. आपल्या घरी कोणतीही गाडी असो, या आठवड्यात तीन कामं करा. दाराजवळची चिठ्ठी वाचून, टायर थंड असताना हवा मोजा. पाचही टायरची नक्षी आणि तारीख बघा. आणि घरातल्या लायसन्स असलेल्या प्रत्येकाला, मुलगा असो की सून, ती गाडी आपल्या वाटेवरून एकदा चालवायला लावा. पुढच्या महिन्यात पावसातले ब्रेक आणि वायपर यांविषयी बोलू, इन्शाअल्लाह.